जिन बाळगणारा इसम

सरकारदरबारी माझी नोंद ‘राहत्या घरामागील खोलीत जिन बाळगणारा इसम’ अशी आहे. ही नोंद काढून टाका म्हणून मी पुष्कळदा खेटे घातले. तिथला कारकून म्हणतो, ‘जिन सोडून दिल्याचा दाखला आणा, लगेच काढतो.’ तो दाखला कोण देतं हे त्याला ठाऊक नाही आणि मलाही नाही. तेव्हा म्हटलं, राहू दे. पण ज्या माणसाने उभी हयात शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं, नागरिक अर्ज करतो, शासन त्यावर विचार करतं आणि शेवटी दोघांचंही भलं होतं असं ज्याने पोरांकडून घोकून घेतलं, त्याच्यावर ही पाळी यावी याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

वास्तविक मला जिन बाळगायचा नव्हता. बनवायची होती. प्यायची, बाटलीतली. आता आमच्या लिपीत दोन्ही शब्द एकसारखेच लिहितात, याला मी काय करू? एक जिन माणूस पितो आणि दुसरा जिन माणसाला झपाटतो, एवढा बारीक फरक सरकारने समजून घ्यायला हवा होता.

सगळं सुरू झालं निसरीनमुळे. निसरीन म्हणजे आमची एकुलती एक. औषधशास्त्र शिकलेली, खाली झाहले शहराच्या बाजारात औषधाच्या दुकानात नोकरीला. तिला मॉन्ट्रियलच्या एका मोठ्या दुकानातून बोलावणं आलं. फेब्रुवारीत हजर व्हा, म्हणाले. आमच्या गावात आईबापांना दोनच कामं असतात, मुलांना मोठं करायचं आणि विमानतळावर सोडून यायचं. पहिलं काम मी हौसेने केलं होतं. दुसऱ्याच्या नुसत्या विचाराने मला रात्री घास जात नव्हता.

“इथे करण्यासारखं आहे तरी काय, बाबा?” एका सकाळी कॉफी पिताना ती म्हणाली. “गोळ्यांच्या पट्ट्या मोजायच्या आणि वीज आली की फोन चार्ज करायचा!”

मी मनात म्हटलं, इथे करण्यासारखं काही नाही ना? मग काढू की काहीतरी! आणि त्याच आठवड्यात बैरुतला भाच्याच्या लग्नाला गेलो असताना मला साक्षात्कार झाला. तिथे तरुण पोरं गोल टेबलाभोवती उभी राहून, डोळे मिटून, काचेच्या मोठाल्या पेल्यांतून काहीतरी हुंगत होती. बाटलीवर एका डोंगरी गावाचं नाव. विचारलं तर म्हणे जिन, घरगुती, छोट्या भट्टीतली, आणि म्हणूनच महाग. मी बाटली उलटीपालटी केली. अहो, ही तर आमचीच हातभट्टी! दरवर्षी द्राक्षं उतरली की मी घरामागच्या खोलीत आरक गाळतो. गाव गाळतं, मीही गाळतो, कुणी पत्ते खेळतं तसं. द्राक्षं आंबवायची, तांब्याच्या भट्टीत एकदा गाळायची, पुन्हा गाळायची आणि तिसऱ्या खेपेला बडीशेप घालून गाळली की झाला आरक. तिसऱ्या खेपेला बडीशेपेच्या जागी डोंगरातल्या जुनिपरची फळं, धणे आणि लिंबाची साल घातली की झाली जिन! म्हणजे तीन पायऱ्यांपैकी अडीच मला येतच होत्या. परतीच्या वाटेवर मी गाडीत एवढा बडबडलो की ओदेतने, म्हणजे माझ्या बायकोने, कानांना रुमाल बांधला.

घाट संपता संपता तिने रुमाल सोडला. “इस्कंदर, पोरीने जाऊ नये एवढंच तुझं म्हणणं आहे ना? मग तिला तसं सांग की.”

“सांगितलं तर आजच बॅग भरेल. तुझ्यावर गेली आहे.”

ओदेतने रुमालाची घडी घातली. “मग बनव जिन,” ती म्हणाली.

गावात कुठलीही गोष्ट गुपित ठेवायची असेल तर ती करू नये, हाच एक उपाय आहे. मी जुनिपरच्या फळांचं पोतं घेऊन घरी पोहोचायच्या आत शेजारचा अबू तौफिक कठड्यावर येऊन बसला होता. अबू तौफिक हा निवृत्त फौजी. आरकाच्या बाबतीत गावात त्याचा शब्द शेवटचा, निदान त्याच्या स्वतःच्या मते. मी मास्तर, म्हणून मला सगळे उस्ताज म्हणतात, तसा तोही म्हणतो. त्याने एक फळ उचललं, चावलं आणि थुंकलं.

“उस्ताज, याला बकऱ्यासुद्धा तोंड लावत नाहीत.”

“बकऱ्यांना विकायची नाहीये.”

“आणि पितात कशी ही?”

“टॉनिक घालून.”

अबू तौफिकच्या चेहऱ्यावर एकदम कणव आली. “आजारी माणसांची दारू आहे होय! मग आधी नाही का सांगायचं? बिचारे. आमच्या आरकाला नुसतं पाणी पुरतं, हो. पाणी पडलं की कसा दुधासारखा पांढरा होतो! तुझी ही होते का पांढरी?”

“नाही. ही स्वच्छ राहते. काचेसारखी.”

“मग प्यायलोय की नाही हे कळायचं कसं?” असं म्हणून तो उठला. दुपारपर्यंत गावभर झालं की उस्ताज इस्कंदरने आजारी लोकांसाठी औषधी दारू काढली आहे, आणि दोन म्हाताऱ्या गुडघ्यांसाठी थोडी मागायला आल्या.

निसरीनने ऐकलं तेव्हा ती हसली नाही, हेच मला लागलं. ती फक्त म्हणाली, “बाबा, त्या भट्टीत पणजोबांपासून बडीशेप उकळतेय. तांब्यात मुरली असेल. लिंबाचं पाणी घालून ती उकळा, मग पुन्हा उकळा, मग पुन्हा. वास गेला असं वाटलं की आणखी एकदा.” आणि ती कामाला निघून गेली. आमच्याकडे बाप मुलीलाही ‘बाबा’च म्हणतो, तेव्हा ‘हो बाबा’ म्हणून मीही कामाला लागलो. गावातली सगळी लिंबं मी संपवली. त्या आठवड्यात कुणाच्याही तब्बुलेच्या कोशिंबिरीला लिंबू मिळालं नाही, आणि बायका मला रस्त्यात ओळख देईनात.

नागरिकशास्त्राचा माणूस म्हणून परवान्याशिवाय व्यवसाय करणं मला शक्यच नव्हतं. घरापुरतं गाळणाऱ्याला कुणी काही विचारत नाही, पण विकायचं म्हटलं की कागद हवा. कागदासाठी आधी मुख्तारचा, म्हणजे गावच्या पाटलाचा, दाखला हवा. आमचा मुख्तार जिरयेस किराण्याच्या दुकानात बसतो, त्याचा शिक्का मसुरीच्या पोत्यावर असतो आणि अक्षर मोत्यासारखं आहे. अर्थाकडे मात्र तो फारसा जात नाही. त्याने वळणदार अक्षरांत लिहिलं, की सदर इसम सज्जन असून घरामागील खोलीत जिन ठेवतो, गावाची तक्रार नाही. मी अक्षरावर भाळलो आणि मजकुराकडे बघितलंच नाही.

कचेरीतला कारकून मान खाली घालून वाचत होता.

“जिन ठेवता?”

“ठेवत नाही, बनवतो.”

त्याने मान वर केली. “स्वतः बनवता?”

“स्वतः. थोडी परंपरा आहे घरात, आजोबांपासून.”

“किती बनवता?”

“सुरुवातीला थोड्याच. मागणी असेल तसं वाढवू. सगळ्या बाटलीत भरून.”

“बाटलीत भरून,” कारकून सावकाश म्हणाला. “झाकण लावून?”

“उघड्या ठेवून कसं चालेल? उडून जाईल ना!”

त्याने खुर्ची मागे सरकवली, छातीवर क्रूस काढला आणि उठून वरिष्ठाकडे गेला. मी आपला शासनाच्या तत्परतेवर खूश होऊन बसलो होतो.

वरिष्ठ बाई हुशार निघाल्या. त्यांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावावा तसा कागद तोंडाला लावून हसत सुटल्या. पण शिक्का पडला होता, नोंद चढली होती, आणि चढलेली नोंद उतरवायची पद्धत त्यांच्या खात्यात नव्हती. “आता जिनाचा विषय आला म्हणजे पाद्र्यांची ना-हरकत लागणार, उस्ताज. ती आणा. पुढचा प्रश्न असा, की आमच्याकडे वाइन आहे, आरक आहे, व्हिनेगर आहे, गुलाबपाणी आहे. जिन कशातच बसत नाही.”

“मग आरकात बसवा.”

“बडीशेप घालता?”

“नाही.”

“मग आरक कसा? तुम्हाला गुलाबपाण्यात टाकते. ‘गुलाबपाणी व तत्सम’. सुवास आहे ना?”

सुवास होता. म्हणून आज कायद्याने मी जिन बाळगून गुलाबपाणी तयार करतो. वर्गात कुणी असं उत्तर लिहिलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

अबूना मिखाएल, आमचे पाद्री, ना-हरकत द्यायला स्वतः आले. कागदात जिन म्हटलंय म्हणून धूपदान, पवित्र पाणी, सगळं घेऊन आले. मी परोपरीने समजावलं. ते म्हणाले, “मला कळतं रे, मी अडाणी नाही. पण आलोच आहे तर शिंपडून घेऊ, तुझं काय जातं?” त्यांनी खोलीचे चारही कोपरे शिंपडले, भट्टी शिंपडली, अबू तौफिकला शिंपडलं, आणि मग पहिल्या फसलेल्या घाण्यातला एक घोट घेऊन डोळे मिटले. “दुष्टात्मा नाही,” त्यांनी निर्णय दिला, “पण रागीट आहे.”

धूप बघितल्यावर गावाला काय पाहिजे होतं! खालच्या आळीतली एक बाई येऊन ओदेतपाशी रडायला लागली. नवरा रोज पत्ते कुटायला जातो, रात्री घरी येत नाही, उस्ताजकडचा एखादा लहानसा जिन मिळाला तर बरं होईल, जास्त नको. ओदेतने तिला आमच्या आरकाची बाटली दिली आणि घरीच जेवणाबरोबर वाढ म्हणून सांगितलं. नवरा घरी बसायला लागला. मग काय, रांग लागली. माझा धंदा सुरू व्हायच्या आत माझी प्रॅक्टिस सुरू झाली.

हे सगळं निसरीन बघत होती. मॉन्ट्रियलचं पत्र तिच्या टेबलावर होतं आणि त्याला सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता. तिचं जुनं लोकरी सामान तिने उन्हात टाकलेलं मी पाहिलं, आणि त्या दिवशी भट्टीपाशी माझं लक्षच लागेना. आता जिन या आठवड्यात उतरली तरच काही खरं. पुढच्या महिन्यात उतरून कुणाच्या उपयोगाची?

शेवटी तिसऱ्या खेपेचा दिवस आला. दोनदा गाळलेली दारू भट्टीत ओतली. जुनिपर घातलं, धणे घातले, सालं घातली, डोंगरातला ओवा घातला. खोलीत असा काही वास भरला की मला नाचावंसं वाटलं, आणि थोडासा नाचलोही. झाकणाच्या कडेला कणकेचा लेप द्यावा लागतो, नाहीतर वाफ पळते. कणीक आणायला मी स्वयंपाकघरात गेलो तेव्हा भट्टीजवळ फक्त तेता होत्या. तेता म्हणजे निसरीनची आजी, माझ्या सासूबाई, नाव मतील. गावातला अर्धा आरक त्यांच्या देखरेखीखाली उतरतो आणि उरलेला अर्धा त्यांना आवडत नाही. मी परत आलो तर त्या भट्टीवरून हात फिरवत होत्या. डोळ्यांत माया.

“आता लाव झाकण,” त्या म्हणाल्या. “आता छान होईल.”

मला वाटलं, आशीर्वाद दिला. मी वाकून त्यांचा हात कपाळाला लावला.

थेंब पडायला लागले आणि वीज गेली. सरकारी वीज नसतेच, तिचं काही वाटत नाही. पण गल्लीतल्या जनरेटरवाल्याचीही गेली. पंप थांबला, आणि ज्या पिंपातून नळी थंड होत जाते त्यातलं पाणी तापायला लागलं. पाणी गरम म्हणजे वाफेची दारू होणार नाही, सरळ छताला जाणार. मी ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही, पण ‘जिन सुटला!’ असं काहीतरी असावं, कारण गाव धावत आलं. अबू तौफिकला आयुष्यभर जी लढाई मिळाली नव्हती ती मिळाली. त्याने पाण्याच्या कुंडापासून खोलीपर्यंत माणसांची रांग लावली. मुख्तार, अबूना मिखाएल, लिंबांवरून अबोला धरलेल्या बायका, पत्ते सोडलेला नवरा, सगळे! बादल्या हातोहात यायला लागल्या, आणि बादलीबरोबर सल्ला.

“विस्तव कमी कर, उस्ताज!”

“कमी काय करतोस, विझव!”

“विझवू नकोस, पाप लागेल!”

तेवढ्यात निसरीन कामावरून आली. तिने पांढऱ्या कोटाच्या बाह्या वर केल्या, पिंपात हात घातला, आणि एका वाक्यात सगळ्यांना गप्प केलं. “पाणी तळाशी सोडा, वरून नको! बाबा, पहिली धार टाकून दिली का?”

“दिली.”

“नक्की? त्याने डोळे जातात माणसांचे.”

“अगं नक्की, बाबा!”

मग ती भट्टीपाशी बसली ते शेवटपर्यंत उठली नाही. धारेखाली बोट धरायची, हुंगायची, कोटावर पुसायची, काचेची नळी बुडवून आकडे बघायची. तिच्या गालाला काजळी लागली होती. तिच्या लहानपणी मी तिला मातीत खेळताना बघितलं होतं तशी दिसत होती. धार संपत आली तेव्हा तिने चमचाभर तोंडात घेऊन बराच वेळ घोळवली.

“बाबा,” ती म्हणाली, “चांगली आहे ही.”

अहो, चांगली आहे म्हणाली! ही मुलगी माझ्या हातच्या कॉफीला आजवर ‘चालेल’च्या पुढे गेली नव्हती!

“थोडी गोडसर लागतेय मागून. कशाने?”

“लिंबाच्या सालीने,” मी ठासून सांगितलं. बडीशेपेचा वास येतोय का हे आमच्या गावात कुणाला विचारून उपयोग नाही. तो आमच्या उशांनाही येतो, त्यामुळे कुणालाच येत नाही.

आणि पुढचं ऐका. तिने स्वतःहून फोन उचलला. तिच्या मैत्रिणीचा भाऊ जाँ-मार्क बैरुतला नवा बार काढत होता आणि इथल्या मातीतली जिन शोधत होता. ‘रविवारी येतो,’ म्हणाला. “त्याने घेतली तर बघू,” निसरीन म्हणाली. काय बघू ते बोलली नाही. मी रात्रभर त्या ‘बघू’चे अर्थ लावत होतो आणि ओदेत मला झोप म्हणत होती.

रविवारी जाँ-मार्क आला. डोक्यावर केसांचा अंबाडा, पायात मोजे नाहीत. तेताने त्याला बघून ओदेतला विचारलं, “याला घरी कुणी नाही का?” चव घ्यायला आलेल्या माणसाला उपाशी ठेवायची आमच्याकडे रीत नाही, म्हणून टेबलावर किब्बे, हुम्मुस, लोणच्यातली वांगी, लबने असं सगळं मांडलं होतं. ही रीत गावालाही माहीत असल्यामुळे अबू तौफिक आणि मुख्तार आधीच येऊन बसले होते. मी कोट घातला होता. निसरीनने बाटली आणली. काचेसारखी! खिडकीसमोर धरली तर पलीकडचा डोंगर सरळ दिसत होता.

जाँ-मार्कने आधी नुसती हुंगली. मग एक घोट घेतला. भुवया वर गेल्या. “उस्ताज,” तो म्हणाला, “ही तर फारच... यात डोंगर आहे हो!”

मी खुर्चीची पाठ धरली. निसरीन माझ्याकडे बघून हसली. खरंखुरं.

“आता टॉनिक,” तो म्हणाला. त्याने उंच पेल्यात बर्फ घातला, जिन ओतली आणि वरून टॉनिकची बारीक धार सोडली.

पेला पांढरा झाला.

आधी तळाशी थोडं धुकं दिसलं, मग ते वर चढलं, आणि बघता बघता पेल्यात दूध झालं. बर्फ तेवढा तडकत होता.

“आरक!” अबू तौफिकने टाळी वाजवली. आनंदाने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. “अरे उस्ताज, एवढा गावभर हिंडून शेवटी घरीच आलास की रे!”

“भट्टी धुतली नाहीत तुम्ही,” निसरीन म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला होता.

“धुतली! देवाशपथ धुतली! गावात लिंबू ठेवलं नाही मी! विचार कुणालाही!”

“मग ही बडीशेप आली कुठून?”

“मी घातली,” तेता म्हणाल्या.

सगळे वळले. तेता हुम्मुसमध्ये पोळी बुडवत होत्या. “बघतात काय असे? कणीक आणायला गेला, मी आत डोकावले, तर बडीशेपच नाही. शिकलेला माणूस, विसरतो. चारचौघांत कशाला बोला, म्हणून एप्रनातली मूठभर घातली. नाहीतर केवढी नाचक्की झाली असती!”

आता माझं काय झालं असेल याची कल्पना करा. मी निर्दोष सुटलो होतो, आणि सुटून उपयोग काहीच नव्हता. जाँ-मार्क भला पोरगा. त्याने पांढरा पेलासुद्धा संपवला, किब्बे दोनदा घेतली आणि निघताना निसरीनला म्हणाला, “मूळ माल छान आहे. स्वच्छ राहणारी झाली की आणा. मी नक्की फोन करतो.” बैरुतचा माणूस ‘नक्की फोन करतो’ म्हणाला की त्या फोनची वाट बघू नये, हे आम्हाला डोंगरात लहानपणीच कळतं. त्याने तेताकडून आरकाची एक मोठी बाटली मात्र मागून घेतली. घेताना त्यांचा हातही चुंबला.

त्याची गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी मी दारात तसाच उभा होतो. सोमवार उद्यावर आला होता. विमानतळ, काचेपलीकडे हलणारा हात, परतीचा रिकामा घाट, सगळं डोळ्यांसमोर दिसायला लागलं. त्यात अबू तौफिकने माझ्या पाठीवर थोपटून म्हटलं, “जाऊ दे रे, आजारी लोकांची दारू ती,” तेव्हा मला रडू येईल असं वाटलं.

आणि आतून धाडकन आवाज आला. आम्ही सगळे मागच्या खोलीकडे धावलो. निसरीनने भट्टीचं झाकण जमिनीवर आदळलं होतं आणि ती आत अर्धी वाकून हुंगत होती. बाहेर आली ती लालबुंद होऊन.

“एक काम धड करता येत नाही या घरात! एक! मुठीने मोजतात! आशीर्वाद देतात! पवित्र पाणी शिंपडतात, ते किती मिलिलिटर शिंपडलं कुणी लिहून ठेवलंय? तेता, आजपासून तू या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाहीस. अबू तौफिक काका, तुम्हीही नाही. आणि अबूनांना सांगा, बाहेरूनच! किल्ली कुठे आहे?”

मी मुकाट्याने किल्ली दिली. तिने ती गळ्यातल्या साखळीत ओवली.

“ही भट्टी आरकाला ठेवा. जिनला दुसरी लागेल, लहान, जिला बडीशेप माहीतच नाही अशी. हिवाळ्यात तांबटाकडे मी स्वतः जाते. आणि पुढच्या सालची द्राक्षं कधी तोडायची ते मी ठरवणार, मुख्तार नाही! बाबा, तुम्ही सालं सोलायची. बाकी कशालाही हात लावायचा नाही. ऐकताय ना?”

मी ऐकत होतो. माझ्याच कारखान्यातून, माझ्याच शेजाऱ्यांदेखत, मला सालं सोलायच्या कामावर उतरवलं जात होतं. पण माझ्या कानात दुसरंच घुमत होतं. हिवाळ्यात तांबटाकडे. पुढच्या सालची द्राक्षं. ज्या मुलीने फेब्रुवारीत मॉन्ट्रियलला हजर व्हायचं, ती पुढच्या सालच्या द्राक्षांवरून भांडत होती, आणि हे तिच्या स्वतःच्याच लक्षात आलेलं नव्हतं. माझं तोंड कानांपर्यंत पसरायला लागलं. मी बोलणारच होतो.

ओदेतने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की मी कळवळलो.

“हसू नकोस,” ती ओठ न हलवता म्हणाली. “तोंड पाडून उभा राहा. खूश दिसलास तर जाईल ती.”

मी तोंड पाडलं. बरं जमलं असावं, कारण निसरीनने माझ्याकडे पाहिलं, आवाज थोडा खाली आणला आणि विचारलं, “झाडू कुठे असतो इथे?”